माटवीचं तोरंजन

माझी तब्येत कशी आहे हे विचारायचं आईने केव्हाच सोडून दिलंय. ती विचारते ते तिच्या किडनीबद्दल. सकाळी शाळेला निघायच्या गडबडीत फोन वाजतो आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, "कशी आसा ती?"

"बरी आसा."

"पाणी बरा दितंस मां तिका?"

"दितंय गो."

एवढं झालं की फोन बंद. मी जेवले का, शाळेत काय चाललंय, पाय दुखतात का, यातलं काही नाही. माझा नवरा म्हणतो, सासूबाई दिल्या घरी नांदणाऱ्या लेकीची चौकशी करतात, त्यात चुकलं काय? लेक म्हणजे ती किडनी आणि सासर म्हणजे मी. आणि असलं तापट सासर मिळाल्यावर कुठल्याही आईला काळजी वाटेलच, असंही तो वर म्हणतो. हे तो ओरोसहून फोनवर म्हणतो, समोर असताना म्हणत नाही. तिथल्या सरकारी कचेरीत तो नोकरीला आहे, आठवडाभर क्वार्टरमध्ये राहतो आणि शनिवारच्या एसटीने जामसंड्याला घरी येतो. मी इथल्याच शाळेत शिकवते. आई माझ्या माहेरी असते, हमरस्त्यापासून बरंच आत, भाऊ आणि वहिनीबरोबर. भात, काजू, थोडी आंब्याची कलमं, आणि बोलून न थकणारी आई, असं ते घर आहे.

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, डायलिसिसवर दिवस काढले, आणि शेवटी आईची एक किडनी मला बसवली, हे सगळं लिहायला बसले तर कागद पुरणार नाही आणि मला त्याचा कंटाळाही आहे. एक प्रसंग मात्र सांगते. शस्त्रक्रियेआधी समितीपुढे जावं लागतं. दाता आपल्या मनाने देतोय की कुणाच्या धाकाने, हे त्यांना पाहायचं असतं. त्या लोकांनी आईला अगदी शुद्ध भाषेत विचारलं, "आजी, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" आई म्हणाली, "माका कोण दाबतलो? माझ्या घोवाक कधी जमला नाय ता." समितीतले एक गृहस्थ मालवणकडचे असावेत, कारण ते एकटेच हसले.

त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या. त्या जन्मभर घ्यायच्या. शरीराला नवी किडनी आपली वाटत नाही, ते तिच्यावर चालून जातं, मग ती सख्ख्या आईची का असेना. ते चालून जाऊ नये म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची, त्यासाठी या गोळ्या. सकाळी आठ, रात्री आठ. यात सूट नाही. गोळी कमी पडली तर शरीर उठतं, जास्त झाली तर औषधच किडनीला बाधतं. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासून औषधाची रक्तातली पातळी बघायची. रक्त द्यायला जायचं ते सकाळची गोळी न घेता, गोळी पर्समध्ये ठेवून. रक्त दिलं की लगेच तिथेच गोळी घ्यायची. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भाताच्या आधणासारखा आसा ता. कमी पडला तर शीत कच्चा, जास्त झाला तर भात गिजगो." डॉक्टरांनीसुद्धा मला इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

या आजारात आजारापेक्षा माणसं जास्त छळतात. शेजारच्या काकी गुळवेलीचा काढा घेऊन आल्या. का, तर प्रतिकारशक्ती वाढते. मी म्हटलं, "काकी, ती वाढू नये म्हणून तर मी दिवसातून दोनदा गोळ्या गिळते." त्या रागावून काढा परत घेऊन गेल्या. शाळेतल्या एका बाईंनी गुडघ्यावर घेतात ती गोळी देऊ केली. तीही किडनीला वाईट. कुणाच्याही हातची गोळी, काढा, चूर्ण घ्यायचं नाही, विचारल्याशिवाय काही नाही, हे मी इतक्यांदा इतक्या जणांना सांगितलं की लोक मला शिष्ट म्हणायला लागले. म्हणू देत.

आईचं मात्र तसं नव्हतं. नियम म्हटला की तो ती देवाच्या नियमासारखा पाळणार. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी गर्दीत जायला बंदी केली होती, म्हणून मी चतुर्थीला माहेरी गेलेच नाही. भावाने मोबाईलवर आरती दाखवली. त्यात मला गणपती कमी आणि आईचा कॅमेऱ्यात घुसलेला चेहराच जास्त दिसला. दुसऱ्या वर्षी परवानगी मिळाली. तोंडाला मास्क लावायचा, गर्दीपासून लांब बसायचं आणि शिजवलेलं गरम अन्न खायचं. मी गेले, तर आईने मला मधल्या खोलीत खिडकीशी बसवलं आणि स्वतः दारात उभी राहिली. भटजी तीर्थ द्यायला आत येऊ लागले तर त्यांना अडवून म्हणाली, "तिका नको. कच्च्या दुधाचा आसा ता." माझा चुलतभाऊ खोकला, तर त्याला तिने सरळ मागच्या मांगराकडे, गवतकाड्याच्या खोपटाशी, जाऊन बसायला सांगितलं. तो बिचारा पन्नाशीचा गृहस्थ, आरतीला आलेला. तो खरंच मांगराकडे जाऊन बसला.

मोदक वाफेवरून उतरले की पहिला माझ्या पानात. भाजी माझ्यापुरती वेगळ्या कढईत. पाणी उकळून गाळून, त्यावर झाकण, झाकणावर वाटी. मला इतकं सांभाळलेलं मी लहानपणीही पाहिलं नव्हतं. आम्ही चार भावंडं होतो आणि आईला तेव्हा वेळ नसायचा. खिडकीशी बसून मी ते सगळं बघत होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. चाळिशी उलटलेल्या बाईला लाड आवडतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडाची चौकट छताला टांगायची आणि तिला त्या दिवसांत रानात, परसात जे जे पिकतं ते बांधायचं. नारळ, सुपारीचा घड, काकडी, आंब्याच्या पानांचे टाळ, रानातली रंगीत फळं. आणि मधोमध तोरंजन. देशावरचे लोक त्याला पपनस म्हणतात. लहान मुलाच्या डोक्याएवढं फळ, वरून हिरवंपिवळं, आत गुलाबी फोडी. आमच्या माहेरी विहिरीच्या बाजूला तोरंजनाचं झाड आहे आणि आईला त्याचा गर्व आहे. गावातली निम्मी घरं माटवीसाठी आमच्याकडून तोरंजन नेतात. गणपती गेले की माटवी सोडतात आणि फळं घरात वाटली जातात.

मी त्या वर्षी गणपती जाईपर्यंत थांबले नव्हते. पण ते गेल्यावर दोनच दिवसांनी भाऊ देवगडात कामाला आला आणि जाताजाता माझ्याकडे पिशवी टेकवून गेला. पिशवीत माटवीचं तोरंजन, आणि झाडावरची आणखी काही. मागोमाग आईचा फोन.

"डाक्तर काय म्हणालो होतो? फळ खावचा तर जाड सालीचा खावचा, आणि आपण सोलून. हो मां?"

"हो."

"मगे हेची साल बघ केवढी जाडी. हेच्या आत माशी सुद्धा जावची नाय."

यात चूक काढायला मला कुठेही जागा दिसली नाही. डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलं होतं. केळं, पपई, डाळिंब अशी सोलून खायची फळं चालतील. द्राक्षं, पेरू शक्यतो नकोत, कारण ती सालासकट खाल्ली जातात. ग्रेपफ्रूट नावाचं एक फळ खाऊ नका असंही दवाखान्यातून निघताना कुणीतरी सांगितलं होतं. ते मी पाहिलेलंही नव्हतं आणि जामसंड्याच्या बाजारात ते मला कोण आणून देणार, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. तोरंजनाचा आणि त्याचा काही संबंध असेल, हे आईच्याच काय, माझ्याही स्वप्नात आलं नाही. जगात इतक्या जाड सालीचं, इतकं स्वच्छ, शिवाय देवाच्या डोक्यावरून उतरलेलं दुसरं फळ कुठलं असणार?

मी ते रोज खाल्लं. शाळेतून आले की हात धुवायचे, साल काढायची, फोडीवरचा पांढरा पापुद्रा सोलायचा आणि मीठसाखर लावून सावकाश खायचं. थोडं कडवट लागतं, पण जिभेला चव येते. गोळ्यांनी तोंड सदा बेचव असतं, त्याला ते फार बरं वाटायचं. पिशवी संपत आली की भाऊ दुसरी आणून देई. आई विचारी, "खाल्लंस?" मी म्हणे, "खाल्लंय." ती खूश, मी खूश.

मग एक दिवस फळ्यावर लिहिताना माझं अक्षर हललं. माझं अक्षर चांगलं आहे, त्याबद्दल मी मुळीच नम्र नाही. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आज तुम्ही घाईत आहात काय?" मी तिला गप्प बस म्हटलं. घरी चहा बशीत ओतताना निम्मा ओट्यावर गेला. डोकं ठणकत होतं, रक्तदाब वर होता. वाटलं, चतुर्थीची दगदग. कसली दगदग, खिडकीशी बसून मोदक खाल्ले होते. पण माणूस मनाची समजूत काढायला कारणं शोधतोच.

नशीब एवढंच की रक्त तपासायची वेळ आलेली होती. देवगडला जाऊन रक्त दिलं. अहवाल कोल्हापूरला, ज्या दवाखान्यात माझं प्रत्यारोपण झालं तिथे गेला, आणि तिथून थेट फोन आला. तिथे प्रत्यारोपण झालेल्या सगळ्यांचा पाठपुरावा करणाऱ्या एक बाई आहेत. आवाज मऊ, पण प्रश्न मात्र पोलिसाचे. औषधाची पातळी फार वर गेली होती आणि किडनीचं कामही खालावलेलं दिसत होतं.

"गोळी चुकून दोनदा घेतली गेली का?"

"नाही."

"रक्त द्यायच्या आधी सकाळची गोळी घेतली होती का?"

"अहो नाही. मी शिक्षिका आहे, मला एवढं कळतं."

"दुसरं काही औषध? जंतुसंसर्गाचं, पित्ताचं? काढा?"

"काही नाही."

"खाण्यात काही नवीन?"

"नवीन काही नाही. भात, भाजी, आमटी. फळांत पपई, केळं, तोरंजन."

"तोरंजन म्हणजे?"

"पपनस हो."

त्या म्हणाल्या, "रोज?" मी म्हटलं, रोज. तेव्हा त्यांनी मला शांतपणे सांगितलं की पपनस हे ग्रेपफ्रूटचं सख्खं भावंड. त्याच्या रसाने हे औषध शरीरात मोडायचं थांबतं. गोळी एकच घेतली तरी आत ती जास्तीची होऊन बसते. आणि जास्तीचं झालं की ती ज्या किडनीला वाचवायला दिलेली असते, तिलाच मारायला लागते.

माझा नवरा त्या दिवशी घरी होता. तो शेजारून म्हणाला, "मग आज रात्रीची गोळी घेऊच नको." त्या बाईंना ते ऐकू गेलं. "मनाने काहीही करायचं नाही," त्या म्हणाल्या, "तोरंजन आजपासून बंद. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील, तासाभरात फोन येईल." तो आला. एक वेळची गोळी थांबवा, नंतर अमुक इतकी घ्या, पाणी भरपूर प्या, आणि पुन्हा रक्त द्या. फळाचा असर उतरेल तशी पातळी आपोआप खाली येईल, तेव्हा गोळी पुन्हा बदलावी लागेल, तीही आम्ही सांगू तेव्हाच. किडनीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, बहुतेक सावरेल, पण रक्त बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही.

मला किडनी जायची भीती वाटली, नाही म्हणत नाही. सुया, ते यंत्र, ती खुर्ची, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आईला हे कसं सांगायचं? जिने पोट फाडून घेतलं, भटजीला दारात अडवलं, भांड्यावर झाकण आणि झाकणावर वाटी ठेवली, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुझ्याच झाडाच्या फळाने, तू स्वतः पाठवलेल्या, तुझ्या किडनीवर घाला घातला?

नवरा म्हणाला, सांगू नकोस. म्हण, डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलीय. मला ते पटलं नाही. आज ती तोरंजन थांबवेल, उद्या त्याचंच सरबत करून पाठवेल. आणि आईशी खोटं बोलायचं झालं तर ते मला कधी जमलेलं नाही. माझं तोंडच लाल होतं. तरी मी ते पुढे ढकलत राहिले. सकाळचा फोन आला की "बरी आसा" म्हणून घाईने ठेवून द्यायचे. आईला शंका यायला एवढं पुरलं.

दुसऱ्यांदा रक्त दिल्यावर अहवालाची वाट बघत होते, तेव्हाची गोष्ट. तो अहवाल चांगला आला, पातळी उतरली, आणि पुढे महिन्याभरात किडनीही पूर्वपदावर आली. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव टांगून ठेवायला मला आवडत नाही, आणि मला सांगायचंय ते निराळंच आहे. पण त्या दुपारी आम्हाला दोघींनाही यातलं काही माहीत नव्हतं.

आई न कळवता आली. एसटीतून उतरून उन्हातून चालत. हातात जड पिशवी. ती पायरीवर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि पिशवीतून एक तोरंजन काढून माझ्यापुढे धरलं. "शेवटची आसत. झाडार आता नाय काय."

मी ते घेतलं नाही. तिथेच, पायरीवर तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसले आणि सगळं सांगितलं. सावरून, गोड करून सांगायचं ठरवलं होतं, पण मला गोड करून सांगता येत नाही. सरळच सांगितलं. त्या फळाने औषध चढतं, चढलं की किडनीला बाधतं, माझ्या रक्तात ते दिसलंय, उद्या कळेल. यात तुझी काही चूक नाही, मलाही माहीत नव्हतं, हेही सांगितलं. पण ते तिने ऐकलंसं वाटलं नाही.

तिने तोरंजन पिशवीत परत ठेवलं. पिशवी पायाने लांब सारली.

"म्हणजे मीच वीख घातलंय तुका."

"तुका खंय म्हायत होता?"

"गेली काय ती?"

"नाय गो. उद्या कळतला."

तिने तोंड अंगणाकडे फिरवलं. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, मला तिला थोपटता आलं असतं. पण ती रडली नाही. माझ्याकडे वळली आणि बाजारात भाव ठरवताना बोलते तशा आवाजात म्हणाली, "एक आसा मां आजून माझ्याकडे. वायच म्हातारी झाली हा, पण चलात. गेली तर ती घेवक सांग डाक्तराक."

मला हसू आलं. वाटलं, हिला बिचारीला कळलेलंच नाही. मी चौथीच्या मुलांना समजावते तसं तिला समजावू लागले. माणसाला निदान एक किडनी लागतेच. एक दिली तर दुसरीवर माणूस जगतो, पण तीही काढली तर जगत नाही. म्हणून डॉक्टर दुसरी कधीच घेत नाहीत, कुणाचीही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"ता माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तेवाच सांगितल्यानी माका."

मग मात्र मी भडकले. इतकी मी तिच्यावर कधीच भडकले नव्हते. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटी ओरडलेच, "आणि तू गेल्यार मी ती घेवन काय करू?"

"जगतलंस," आई म्हणाली.

मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो झटकन मागे घेतला. "हात लाव नको. एसटीतसून इलंय, हात धुवक नाय आजून." आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली, मोरीकडे गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, टांगलेल्या धुतल्या पंच्याला पुसले, आणि मग येऊन माझं डोकं तिने पोटाशी धरलं.